मन्याडच्या पाण्यातली चौदा वर्षं

नागुबाई पंढरी सोनकांबळे कंधारच्या कॉलेजात लागल्या त्या नवऱ्याच्या जागेवर. पंढरी तिथं शिपाई होते. एका उन्हाळ्यात छातीत कळ आली नि संध्याकाळपर्यंत माणूस संपला. मग वर्षभर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले आणि दोन हजार आठच्या पावसाळ्यात अनुकंपेचं पत्र आलं. प्रयोगशाळा परिचर, प्राणिशास्त्र विभाग. वय त्रेचाळीस, शिक्षण दहावी. ती दहावीही लग्नानंतरची. पंढरींनीच हट्टानं फॉर्म भरायला लावला होता. "बाबासाहेबांचा फोटो भिंतीला लावून भागत न्हाई, पुस्तक बी उघडाया लागतंय," असं ते म्हणायचे.

पहिल्या दिवशी नागुबाईंनी लॅबचं दार उघडलं तर समोर काचेच्या बरण्यांत बेडूक, विंचू, दोन तोंडांचं वासरू. विभागप्रमुख शिवप्पा सर मागून आले. उदगीरचे गृहस्थ, कपाळावर विभूतीची तीन बोटं, आवाज मोठा पण मनात काही नाही.

"भ्या वाटतंय का, नागुबाई?"

"न्हाई सर. धूळ लई बसलीय, तेवढं आधी पुसून घेते."

सर हसले. वर्षभर मग पुसणं, धुणं, स्लाईडी मांडणं, मुलं फोडतील त्या काचा गोळा करणं, एवढंच काम.

दुसऱ्या वर्षी सरांना एक प्रकल्प मिळाला. मन्याड नदीतले प्राणीप्लवक ऋतूंप्रमाणे कसे बदलतात, हे दोन वर्षं पाहायचं. सरांनी आयताकृती डबा उघडून आइस्क्रीमच्या कोनासारखी रेशमी जाळी काढली, तिच्या टोकाला करंगळीएवढी बाटली. नागुबाईंनी ती हातात घेऊन उजेडाला धरली.

"यानं मासे धरायचे?"

"माशांची पिल्लं जे खातात ते धरायचं. पाण्यात तरंगणारे बारीक जीव. तुम्ही घागर भरता तेव्हा तीत असतातच, पण दिसत नाहीत."

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता दोघं नदीवर जाऊ लागले. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, बादलीनं पन्नास लिटर पाणी त्या जाळीतून हळूहळू ओतायचं, आणि तळाच्या बाटलीत जे उरेल ते फॉर्मेलिनचे थेंब टाकून जपून ठेवायचं. काठावर कपडे धुणाऱ्या बायांना ती करमणूकच झाली. धुरपताबाई नावाची नागुबाईंची शेजारीण तर मोठ्यानं ओरडायची, "नागे, नदीचं पाणी चाळून राहिलीस व्हय गं? कोंडा किती निघाला?"

नागुबाई पाणी ओतत राहायच्या. खरं तर त्यांनाही ठाऊक नव्हतं की निघतं काय.

ते कळलं पुढच्या एप्रिलात. शिवप्पा सरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते काचेच्या चौकटीतले जीव मोजत होते. तीनदा मोजले, तिन्ही वेळा आकडा निराळा आला, शेवटचा एकतीस. वैतागून त्यांनी खुर्ची मागं सरकवली.

"नागुबाई, इकडं या. बघा, गोल-गोल किती दिसतात सांगा."

नागुबाईंनी हात पदराला पुसले आणि वाकल्या. आधी नुसता पांढरा उजेड. मग सरांनी चाक फिरवलं नि एकाएकी समोर एक गाव उभं राहिलं. त्या दिवशी पाणी ताजं होतं, फॉर्मेलिन घातलं नव्हतं, त्यामुळे सगळं जितं. घागरीच्या आकाराचे इवलेसे जीव, डोक्यावर जणू चाक गरगरतंय. एक लांबुळका, कपाळाच्या मधोमध एकच लाल डोळा, शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या, टुणकन उडी मारून दिसेनासा झाला. एक आरपार काचेचा, पोटात काळजाचं टिपकं धडधडतंय.

"अगं माय," त्या एवढंच म्हणाल्या. बराच वेळ डोकं वर काढलं नाही.

"मोजताय ना?"

"चौतीस हायत, सर. तुम्ही एकतीस म्हणला हुता ना? ह्या कचऱ्याच्या काडीमागं तीन दडलेत."

सरांनी चष्मा लावून, डावा डोळा बारीक करून पुन्हा पाहिलं. काडीमागं तीन होते.

त्या दिवसापासून मोजणी नागुबाईंकडं आली. आधी त्यांनी आपली नावं पाडली. डोक्यावर चाक फिरवणारा तो चाकवाला, एका डोळ्याचा तो एकडोळ्या, धडधडत्या काळजाचा पाणपिसू, आणि दोन टरफलांत मिटून बसणारी ती मटकी. सर म्हणाले, "नावं झकास आहेत, पण जगाला कळायला हवी तर ही शिका." मग वहीच्या एका बाजूला आपली नावं नि दुसऱ्या बाजूला देवनागरीत लिहिलेली लॅटिन नावं, ब्रॅकिओनस, केराटेला, सायक्लॉप्स, मोइना. भाकरी थापताना त्या ती पुटपुटायच्या. लेक मनिषा तेव्हा नर्सिंगला होती. ती म्हणायची, "आई, तू पोथी वाचून राहिलीस का काय?"

दोन वर्षांत नदीची रीत ध्यानात आली. एप्रिल-मेमध्ये पाणी आटून डोह उरतात, ऊन तापतं, तेव्हा चाकवाल्यांची नुसती रेटारेटी. पावसाळ्यात लोंढा येतो नि सगळं धुऊन नेतो, बाटलीत गाळ जास्त, जीव कमी. दिवाळीनंतर पाणी निवळतं, गार होतं, मग पाणपिसू आणि एकडोळ्या वाढीला लागतात. सरांनी अहवाल लिहिला, प्रकल्प संपला, आणि पुढच्या वर्षी सर निवृत्त होऊन उदगीरला निघाले.

निरोपाच्या दिवशी ते लॅबमध्ये थोडा वेळ बसले. "नागुबाई, दोन वर्षांत नदी कळत नाही. एक वर्ष पावसाचं, एक कोरडं. नेहमीचं कोणतं नि नवीन कोणतं, ते काय सांगणार? निदान दहा वर्षं पाहायला पाहिजे. पण कोण पाहणार!"

ते सहज बोलून गेले. पण नागुबाईंच्या मनात ते रुतून बसलं. जाळी लॅबच्या कपाटात होती, फॉर्मेलिन होतं, रविवार आपलाच होता. त्यांनी प्राचार्यांना विचारलं. प्राचार्य म्हणाले, "करा बापडे, पण लॅबच्या कामात खंड नको."

खंड पडला नाही. लॅबच्याही नाही, नदीच्याही नाही. मनिषाचं लग्न शनिवारी होतं, रविवारी सकाळी हाताची हळद घेऊनच नागुबाई पाण्यात उभ्या होत्या. एकदा पाय मुरगळला तर धुरपताबाईंनी बादली धरली. "आता मलाबी चाळाया लावलंस बग," म्हणाली, पण पन्नास लिटर पुरे होईस्तोवर हलली नाही.

मग तो दुष्काळ आला. दोन हजार पंधराचा पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. सोळाच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येऊ लागलं आणि इकडं मन्याडचा डोह भेगाळला. त्याआधीच फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी नागुबाई जाळी घेऊन गेल्या तर ओतायला पाणीच नव्हतं. त्या काठावर बसून राहिल्या. कुणाला सांगितलं असतं तर हसू झालं असतं, पण त्यांना आपलं गाव ओस पडल्यासारखं वाटत होतं. एवढी लेकुरवाळी, एवढी धडधडणारी काळजं, गेली कुठं?

उठताना त्यांनी डोहाच्या तळाची वीतभर सुकलेली माती खुरप्यानं उकरली आणि डब्यात घेतली. वहीत लिहिलं, "पाणी नाही. माती घेतली." मार्चमध्ये तसंच. एप्रिलात, मेमध्येही. मेच्या मातीतली चमचाभर त्यांनी लॅबमध्ये काचेच्या वाटीत टाकली, वर उकळून गार केलेलं पाणी ओतलं, झाकलं, आणि खिडकीशी ठेवलं. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी झाडलोट उरकून त्यांनी एक थेंब काचेखाली धरला.

एक चाकवाला. मग दुसरा. गरगर, गरगर.

नागुबाईंनी दाराबाहेर जाऊन पाहिलं, सांगायला कुणीच नव्हतं, सुट्ट्या लागल्या होत्या. त्यांनी उदगीरला फोन लावला. "सर, मेले न्हाईत! मातीत अंडी घालून ठिवली हुती त्यांनी. जित्ती हायत समदी!" पलीकडून शिवप्पा सर एवढ्या मोठ्यानं "शाब्बास!" म्हणाले, की नागुबाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला.

जुलैत नदी वाहिली. पहिल्या बाटलीत नुसते चाकवाले. पाणपिसू यायला पुढची थंडी उजाडली, आणि त्यांची पहिल्यासारखी गर्दी व्हायला तिसरी. हे सगळं वहीत उतरत गेलं, महिन्यामागून महिना. कॉलेजात दोन विभागप्रमुख आले नि गेले, पण ती वही कुणी मागितली नाही.

दोन हजार बावीसमध्ये मंजुश्री मॅडम आल्या. लातूरच्या, तिशीच्या, कामाचा सपाटा दांडगा. कॉलेजची तपासणी तोंडावर होती, म्हणून त्यांनी लॅब रिकामी करायला काढली. मागच्या खोलीचं कपाट उघडलं तर आत दीडशेच्या वर बाटल्या.

"नागुबाई, हे काय जुनंपुराणं? फेकून द्या सगळं."

नागुबाई कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चौदा वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबलोकांना कधी उलट शब्द दिला नव्हता.

"मॅडम, हे फेकता येणार न्हाई. ही नदी हाय."

"म्हणजे?"

"बसा. वही दाखवते."

वह्या नऊ निघाल्या. मंजुश्री मॅडम अकरा वाजता बसल्या, त्या जेवणाची सुट्टी संपली तरी उठल्या नाहीत. एका पानावर थांबून त्यांनी विचारलं, "हा केराटेलाच्या बाजूचा बारका ब्रॅकिओनस, तुम्ही 'घाणपाण्याचा चाकवाला' म्हटलंय तो. हा आधी फक्त मेमध्ये लिहिलाय. आणि आता...?"

"आता फेब्रुवारीतच येऊन राहिला. पाच-सहा वर्षं झाली. पाणी आधी सडाया लागलंय, मॅडम. आटाया लागतंय बी लवकर."

मॅडमनी वही मिटली. "तुम्हाला ठाऊक आहे का तुम्ही काय केलंय ते?"

"मोजलंय," नागुबाई म्हणाल्या.

मॅडमनी सगळे आकडे संगणकात चढवले, तक्ते काढले, आणि आपले गुरू, लातूरचे डॉ. उमाशंकर, यांना पाठवले. उमाशंकर सरांची सारी हयात या जीवांच्या अभ्यासात गेलेली. माणूस करडा. फोनवर त्यांनी सरळ सांगितलं, "आकडे सुंदर आहेत. जरा जास्तच सुंदर आहेत. दहावी झालेल्या परिचर बाईंनी एकटीनं मोजले, हे मी छापायला पाठवू? उद्या कुणी विचारलं तर उत्तर कोण देणार?"

मॅडमचा चेहरा उतरला. नागुबाई शेजारीच स्लाईडी धूत होत्या. त्यांनी हात पुसले नि म्हणाल्या, "सरांना म्हणावं, या. माझी परीक्षा घ्या."

उमाशंकर सर खरंच आले. जानेवारीत, दोन दिवसांच्या मुक्कामानं. पहिल्या दिवशी त्यांनी कपाटातल्या बाटल्यांतून हव्या त्या निवडल्या, खोली आतून बंद केली, आणि प्रत्येकीतलं थोडं-थोडं नव्या, एकसारख्या बाटल्यांत ओतलं. महिना नाही, साल नाही, वर फक्त एक ते बारा आकडे. कुठल्या आकड्याला काय, तो कागद त्यांनी पाकिटात घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नागुबाई सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. ही बातमी कॉलेजभर झाली होती. दाराशी शिपाई, कारकून, दोन-तीन प्राध्यापक उभे. उमाशंकर सर समोर वही उघडून बसले.

पहिली बाटली. नागुबाईंनी चौकट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली. "उन्हाळा. मे."

"कशावरून?"

"चाकवाले किती हायत बघा की, सर. आन् अंडी पाठीवर घिऊन हायत. हे मेचंच."

दुसरी, "पावसाळा. आगष्ट. गाळ बघा." तिसरी, "थंडी. डिशेंबर." चौथी लावली नि त्या हसल्या. "हा दुष्काळानंतरचा पहिला जुलै. दोन हजार सोळा."

उमाशंकर सरांनी मान वर केली. "सालसुद्धा?"

"एकबी पाणपिसू न्हाई, एकडोळ्या न्हाई. नुसती चाकवाल्यांची पैली वीण. असं माझ्या वहीत एकदाच हाय."

दुपार झाली. नागुबाई जेवायला उठल्या नाहीत, त्यामुळे दुसरं कुणी उठलं नाही. नववी बाटली लावून त्या अडल्या. "आक्टोबर का नोव्हेंबर, न्हाई सांगता येत," म्हणाल्या. "न्हाई येत तर न्हाई येत. तसंच लिहा." सरांनी तसंच लिहिलं.

अकरावी बाटली. चौकट एकदा सरकवली. पुन्हा सरकवली. डोळे चोळले. तिसऱ्यांदा पाहिलं. मंजुश्री मॅडमनी ओठ घट्ट मिटले होते.

"सर," नागुबाई सावकाश म्हणाल्या, "हे आमच्या नदीचं न्हाई."

"काय म्हणालात?"

"हे मन्याडचं पाणीच न्हाई. ह्यात एक पाणपिसू हाय, डोक्याला टोकदार शेंडी असलेला. चौदा वर्षांत माझ्या जाळीत असला एकबी आला न्हाई. आला असता तर मी त्याला नाव ठिवलं असतं. कुठून आणलं हे, मला म्हाईत न्हाई. पण आमचं न्हाई."

उमाशंकर सरांनी खिशातलं पाकीट काढलं, फोडलं, आणि कागद मॅडमच्या हाती दिला. मॅडमनी मोठ्यानं वाचलं, "अकरा. मांजरा नदी. लातूर." वाचता वाचता त्यांचा आवाज चढला.

दाराशी कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. उमाशंकर सर उभे राहिले. "मी मुद्दाम घातली होती," ते म्हणाले. "माझे पीएच.डी.चे विद्यार्थी या बाटलीला फसतात. बाई, मी तुमच्यावर संशय घेतला. माझं चुकलं."

"संशय घ्यायलाच पाहिजे, सर," नागुबाई म्हणाल्या. "नीट मोजलंय का, ते तपासलंच पाहिजे. बारावी ऱ्हायलीय. लावू का?"

बारावी त्यांनी चुकवली. डिसेंबर म्हणाल्या, ती जानेवारीची निघाली. अडलेली नववी सोडली तर बाकी सगळ्या बरोबर. चुकलेल्या एका महिन्याची चुटपुट मात्र त्यांना आठवडाभर लागून राहिली.

निबंध तयार झाला तेव्हा नावांचा प्रश्न निघाला. उमाशंकर सरांनी स्वतःच्या हातानं क्रम लिहिला. पहिलं नाव नागुबाई पंढरी सोनकांबळे, मग शिवप्पा, मग मंजुश्री. आपलं नाव त्यांनी घातलंच नाही. छापणाऱ्यांकडून विचारणा आली, पहिल्या लेखिकेची पदवी कोणती? मंजुश्री मॅडमनी उत्तर धाडलं, "पदवी नाही. एकशे अडुसष्ट महिने."

तो छापून आला नि पुढच्या हिवाळ्यात नांदेडला नद्यांवरची मोठी परिषद भरली. नागुबाईंना व्यासपीठावर बोलावलं. आदल्या दिवशी त्या मॅडमना म्हणाल्या, "मला इंग्रजी येत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "नदीला तरी कुठं येतं?"

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत शिवप्पा सर, आता काठी टेकत आलेले, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. मनिषा रजा काढून आली होती. धुरपताबाई जन्मात पहिल्यांदा अशा गार हवेच्या खोलीत आली होती नि पदर गच्च लपेटून बसली होती. नागुबाईंनी माईकवर "जय भीम, नमस्कार" म्हटलं. पहिलं वाक्य थोडं थरथरलं. मग पडद्यावर चाकवाल्याचं चित्र उमटलं आणि त्यांची भीड गेली. कुठल्या महिन्यात कोण येतं, कोण जातं, कोण मातीत दडून वाट पाहतं, दुष्काळानंतर घरी परतायला कुणाला किती वर्षं लागली, आणि घाणपाण्याचा तो बारका आता तीन महिने आधी का येतो, सगळं त्यांनी आपल्या बोलीत सांगितलं. वीस मिनिटं दिली होती. पस्तीस झाली, कुणी घंटी वाजवली नाही.

प्रश्न पुष्कळ आले. दिल्लीहून आलेल्या एका बाईंनी हिंदीत विचारलं, "इतने साल, बिना किसी के कहे, क्यों किया?"

नागुबाईंनी माईक जवळ ओढला. "बघायची सवय लागली, म्यॅडम. मग न बघता कसं ऱ्हावं?"

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. शिवप्पा सरांना उठायला वेळ लागला, पण तेही उठले, काठी काखेत धरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत. धुरपताबाईंनी शेजारच्या अनोळखी प्राध्यापकाला कोपरखळी मारून सांगितलं, "बादली मी धरली हुती. एकदा."

दोन हजार पंचवीसच्या मेअखेर नागुबाई निवृत्त झाल्या. जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी आपापल्या नद्यांचं पाणी दर महिन्याला तपासायचं ठरवलंय, शिकवायला याल का? त्यांनी आधी कंधारलाच शिकवलं, मग मुखेडला लेंडी नदीच्या काठी. एका कॉलेजातले तरुण प्राध्यापक बूट भिजतील म्हणून काठावरच थांबले, त्यांना त्यांनी बूट काढायला लावून पाण्यात उतरवलं. त्यांचे विद्यार्थी खूश झाले.

औशाच्या कॉलेजनं ऑगस्टात तेरणा नदीचं पहिलं पाणी चाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या तरुण व्याख्यात्या सृष्टी यांचा फोन आला. त्यांनी काचेखालचा एक फोटोही पाठवला होता. गोलसर अंग, कडेनं बारीक दाते, पाठीवर जाळीदार नक्षी.

"काकू, हे कोण आहे? पुस्तकात सापडत नाही."

नागुबाईंनी मोबाईल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग दारातल्या उजेडात नेऊन पाहिला.

"मला बी म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की सृष्टीला क्षणभर कळेना, काय झालं. "फेकू नका. हात बी लावू नका. मी येऊन राहिले."

साठ वर्षांच्या नागुबाईंनी पायात चप्पल सरकवली, भिंग पिशवीत टाकलं आणि साडेनऊची लातूरची एसटी धरली. खिडकीशी जागा मिळाली. तेरणेच्या त्या जीवाला नाव काय ठेवावं, हा विचार करत त्या अहमदपूरपर्यंत आल्या, आणि तिथंच त्यांनी तीन नावं पक्की केली.